झाडीचं नाटक आणि जपानचं काबुकी

1955 साली जपानमध्ये विश्वधर्म आणि विश्वशांती परिषद भरली. भारतातून तिथे गेलेल्यांमध्ये राष्ट्रसंत तुकडोजी महाराज होते. अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत 1909मध्ये जन्मलेले, शाळा अर्धवट सोडलेले महाराज देशोदेशीच्या विद्वानांपुढे उभे राहिले ते हातात खंजिरी घेऊन. लाकडाचं कडं, एका बाजूला ताणून बसवलेलं कातडं आणि कड्याच्या खाचांमध्ये पितळी चकत्या, एवढंच ते वाद्य. पण त्याच खंजिरीवर 1942 साली चिमूर-आष्टीची माणसं पेटून उठली होती. इंग्रज सरकारने महाराजांना पकडून आधी नागपूरच्या आणि मग रायपूरच्या तुरुंगात ठेवलं होतं. भजनाचा ठेका जुना, चाली लोकांच्या कानात बसलेल्या, आणि शब्द मात्र आजचे, असं हे मिश्रण होतं.

विदर्भात ही रीत आधीपासून होती. गाडगेबाबा कीर्तनाला उभे राहायचे तेव्हा समोरच्या गर्दीला प्रश्न विचारायचे. गर्दीच उत्तर द्यायची आणि त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न निघायचा. नारदीय कीर्तनाचे पूर्वरंग-उत्तररंग त्यांनी बाजूला ठेवले, पण उभं राहून, टाळाच्या साथीने, देवाच्या नावाने लोकांना गुंतवून ठेवण्याची कीर्तनकाराची हातोटी जशीच्या तशी घेतली. आज अकोला जिल्ह्यातले सत्यपाल महाराज एकाच वेळी सात खंजिऱ्या समोर मांडून वाजवतात. हुंडा, दारू, अंधश्रद्धा यांवर बोलतात. त्यांचे कार्यक्रम आता मोबाईलवर लाखो लोक बघतात. सातव्या खंजिरीवर थाप पडली की समोरची पोरं शिट्ट्या मारतात. ती पोरं कीर्तनाला आलेली नसतात, करमणुकीला आलेली असतात. तरी तासाभराने उठतात तेव्हा गाडगेबाबांचं बरंच काही ऐकून उठतात.

जपानकडे बघायचं ते जुन्यात नवं घालण्याच्या या वाटेने. आपल्याकडच्या तरुण मुलामुलींच्या मोबाईलमध्ये आज जपानी ॲनिमे, म्हणजे ॲनिमेशन मालिका, असतात. यवतमाळला कॉलेजात जाणाऱ्या आमच्या कळंब गावच्या मुलांना नारुतो आणि वन पीस यांतली पात्रं तोंडपाठ असतात. हे सगळं एकदम आधुनिक, संगणकावर घडलेलं, असं वाटतं. त्याच्या आत किती जुनं सामान आहे ते सहसा दिसत नाही.

काबुकी या नाट्यप्रकाराची सुरुवात 1603 साली क्योतो शहरात झाली असं मानतात. इझुमोची ओकुनी नावाची बाई कामो नदीच्या कोरड्या पात्रात आपल्या मेळ्यासह नाचत असे. लोकांची झुंबड उडायची. 1629मध्ये शोगुनच्या, म्हणजे लष्करी राज्यकर्त्याच्या, सरकारने बायकांना रंगमंचावर यायला बंदी घातली. मग स्त्रियांच्या भूमिका पुरुष करू लागले आणि त्यातून ओन्नागाता ही नटांची स्वतंत्र परंपरा उभी राहिली. बालगंधर्वांच्या महाराष्ट्राला ही गोष्ट नवी नाही. दादासाहेब फाळक्यांच्या 1913च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झाले होते ते अण्णा साळुंके. जपानच्या सुरुवातीच्या चित्रपटांतही स्त्रिया अशाच पुरुष नटांनी साकारल्या. दोन देशांना एकमेकांची खबर नव्हती, पण सिनेमा आला तेव्हा दोघांनीही आधी आपल्या रंगभूमीचाच पेटारा उघडला.

काबुकीत ‘मिए’ नावाची एक जागा असते. प्रसंग शिगेला पोचला की नट एका विशिष्ट पवित्र्यात थिजतो, मान झटकून डोळे रोखतो, बाजूला बसलेला माणूस लाकडी ठोकळे फळीवर आपटतो आणि प्रेक्षकांतला जाणकार त्या नटाच्या घराण्याचं नाव मोठ्याने पुकारतो. क्षणभर कथा थांबते. ॲनिमेत लढाई ऐन रंगात असताना नायक थबकतो, चेहरा पडदाभर होतो, तो आपल्या डावाचं नाव ओरडतो आणि मगच वार करतो. नवख्या प्रेक्षकाला प्रश्न पडतो, शत्रू एवढा वेळ वाट का बघतो? तो काबुकीतल्या नटासारखाच वाट बघत असतो.

दुसरं उदाहरण आपल्या पिढीने घरच्या टीव्हीवर पाहिलेलं आहे. कावाताके मोकुआमी या नाटककाराच्या 1862च्या एका काबुकी नाटकात पाच चोर छत्र्या घेऊन नदीकाठी रांगेत उभे राहतात आणि एकेक जण पुढे होऊन लयबद्ध भाषेत आपलं नाव, गाव, कर्तृत्व सांगतो. 1975मध्ये जपानी टीव्हीवर ‘गोरेंजर’ ही मालिका आली. पाच रंगांचे पाच वीर, रांगेत उभे, एकेकाची आपापल्या पवित्र्यासह घोषणा. तिच्याच मागून आलेल्या मालिकांवरून 1993मध्ये अमेरिकेत ‘पॉवर रेंजर्स’ झालं आणि ते आपल्या पोरांनी डोळे विस्फारून पाहिलं. त्या पाच चोरांची रांग अशी टोकियोकडून अमेरिकेमार्गे विदर्भातल्या दिवाणखान्यात पोचली.

2020मध्ये ‘डेमन स्लेयर’चा चित्रपट आला आणि ‘स्पिरिटेड अवे’चा जपानमधला कमाईचा विक्रम त्याने मोडला. त्या कथेचा नायक कोळसे विकणाऱ्या घरातला. त्याची सगळ्यांत मोठी ताकद म्हणजे बापाने दरवर्षी देवासमोर रात्रभर केलेला कागुरा नाच. कागुरा ही जपानी देवळांतली खरीखुरी जुनी नृत्यपूजा. म्हणजे आजच्या काळातला तिथला सगळ्यांत मोठा व्यवसाय करणारा चित्रपट, आणि त्यातलं हुकमाचं पान कुळाचा नाच. उलटी वाटही तितकीच वाहती आहे. 2015मध्ये ‘वन पीस’ या मांगावर, म्हणजे जपानी कॉमिकवर, काबुकी नाटक उभं राहिलं आणि काबुकीला कधी न गेलेली तरुण मंडळी रांगा लावून आली. परंपरेच्या रखवालदारांनी नाकं मुरडली असतील, पण नाट्यगृह भरलं.

हे आपोआप झालेलं नाही. काबुकी चालवणारी शोचिकु ही कंपनी 1895ची. हीच कंपनी चित्रपटही काढते. दिग्दर्शक ओझूंचा 1953चा ‘टोकियो स्टोरी’ तिचाच. एका हाताने जुनं नाटक आणि दुसऱ्या हाताने सिनेमा, असा तिचा व्यवहार. शिवाय 1950मध्ये तिथे सांस्कृतिक ठेव्याच्या रक्षणाचा कायदा झाला आणि पुढे थोर कलावंतांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ म्हणून मान, जबाबदारी आणि शिष्य घडवण्यासाठी वार्षिक रक्कम मिळू लागली. बाजार आणि सरकार, दोघांनीही परंपरा आपापल्या कामाची मानली.

याच ठिकाणी आपली एक हळहळ सांगितली पाहिजे. 1930च्या मंदीत जपानमध्ये हजारो बेकार माणसं सायकलला लाकडी चौकट बांधून गल्लोगल्ली फिरू लागली. दोन लाकडी ठोकळे वाजवून पोरं गोळा करायची, त्यांना गोळ्या-मिठाई विकायची आणि चौकटीत एकामागून एक चित्रं सरकवत गोष्ट सांगायची. हा प्रकार कामिशिबाई. टीव्ही आल्यावर हे फिरते गोष्टीवाले संपले, पण त्यांच्यासाठी चित्रं काढणारे मांगाकडे वळले. मिझुकी शिगेरू यांचा भुताखेतांत रमणारा पोरगा कितारो मुळात कामिशिबाईतला. तो मांगात गेला, टीव्हीवर गेला, आजही चालतो आहे. आपल्या सिंधुदुर्गातल्या पिंगुळीला हाच प्रकार आहे. ठाकर समाजाची चित्रकथी: हाताने रंगवलेली चित्रं, एकेक पुढे धरत रामायण-महाभारतातली आख्यानं गाणारा सूत्रधार. जपानी कामिशिबाईपेक्षा कितीतरी जुनी. तिला जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना 2021मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांनी घरच्या गोठ्यात संग्रहालय उभं केलं. माणूस वंदनीयच. पण चित्रकथीचा चित्रकार मराठी चित्रमासिकात, कार्टूनमध्ये, मुलांच्या पुस्तकात कधी शिरला नाही, कारण आपल्याकडे कुणी त्याला बोलावलं नाही. त्यामुळे कामिशिबाईचा कितारो तिकडे पडद्यावर आहे आणि आपली चित्रकथी संग्रहालयाच्या भिंतीवर.

मग महाराष्ट्रात परंपरेतून घडलेली, पोट भरणारी, लोकांनी गर्दी करावी अशी करमणूक आहे कुठे? तमाशाने मराठी चित्रपटाला दिलेलं देणं सगळ्यांना ठाऊक आहे. ‘सांगत्ये ऐका’पासून ‘नटरंग’पर्यंत त्यावर पुष्कळ लिहून झालं. त्याहून कमी लिहिलं गेलेलं आणि माझ्या मते जास्त जिवंत उदाहरण आमच्या विदर्भातच आहे.

आमचं कळंब कापसाच्या मुलखातलं. चक्रावती नदीच्या काठावरचं, चिंतामणी गणपतीचं. विदर्भातल्या अष्टविनायकांमध्ये ते मोजतात. देऊळ जमिनीच्या पातळीखाली आहे, पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जावं लागतं. तालुक्यात कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे वस्त्या, आहेत. दिवाळीच्या सुमारास कोलाम आणि गोंड वस्त्यांमध्ये दंडार निघते. वाद्यांची पूजा होते, देवाची आळवणी होते, मग पुरुष रांगेने, गोल फेर धरून नाचतात. मधेच कुणी बाईचं सोंग घेतं, कुणी सावकाराचं, कुणी अधिकाऱ्याचं. पैनगंगेपलीकडे आदिलाबादला याच सणात डोक्यावर मोरपिसांचे भले मोठे टोप घालून घुसाडी निघतात. एका गावची दंडार दुसऱ्या गावी पाहुणी म्हणून जाते, यजमान गाव तिला जेवू घालतं, आणि पुढे त्यातून सोयरिकीही जुळतात. मारलावाईच्या कनक राजू यांना 2021मध्ये घुसाडी नृत्यासाठी पद्मश्री दिली गेली. 2024मध्ये ते वारले.

ही दंडार वर्धा नदी ओलांडून पूर्वेला गेली की तिचं रूप बदलतं. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्वेकडचा भाग, म्हणजे झाडीपट्टी. जंगलाचा, तळ्यांचा, वैनगंगेचा आणि धानाचा मुलूख. तिथे दंडारीत गोष्ट जास्त आली, सोंगं मोठी झाली. जोडीला खडी गंमत होती: उभ्याने सादर होणारी, ढोलकी-टुणटुण्यावर चालणारी, नाच्या आणि शाहिराच्या जुगलबंदीची. संवाद लिहिलेले नसत. गावात काल काय घडलं ते आज रात्री गमतीत येई. डहाका, गोंधळ हे प्रकारही होते. आणि मग शंभराहून अधिक वर्षांपूर्वी तिथे शहरातलं संगीत नाटक पोचलं. पश्चिम महाराष्ट्रात ते नाट्यगृहांत रुळलं. झाडीत ते खळ्यावर उतरलं आणि तिथल्या दंडारीने, गमतीने त्याला आपलं करून टाकलं. आज झाडीपट्टी रंगभूमी म्हणतात ती ही.

तिचा हंगाम भाऊबीजेला सुरू होतो आणि होळीपर्यंत चालतो. धान कापून घरात आलेला असतो, हातात पैसा असतो, गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, आणि रात्री नाटक, अशी जोडी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. ज्या गावात नाटक त्या गावात घरोघरी पाहुणे. लेकी माहेरी येतात, जावई येतात, लग्नाच्या मुला-मुलींची दाखवादाखवी उरकते. “नाटकाले येजा जी,” असं आमंत्रण गेलं की त्यात जेवणाचं, मुक्कामाचं, सगळ्याचं आमंत्रण असतं.

नाटकाची रात्र कशी असते ते जवळून बघण्यासारखं आहे. गावाबाहेर धान कापलेल्या बांधीत कापडी कनाती उभ्या राहतात. पुढे जमिनीवर बिछायत, मागे खुर्च्या, त्यांचे तिकिटांचे दर वेगळे. रंगमंचावर रंगवलेले पडदे, वरून लोंबकळणारे माईक. नट संवाद म्हणायला बरोबर माईकखाली येतो, आणि या सरकण्याची इतकी सवय असते की ती चाल नाटकाचाच भाग होऊन जाते. बाजूला ऑर्गन, तबला, क्लॅरोनेट, आणि आता ऑक्टोपॅड. विंगेत वही घेऊन प्रॉम्प्टर. कलावंत संध्याकाळी गाड्यांतून येतात. एक नागपूरहून, एक ब्रम्हपुरीहून, कुणी मुंबईहून. कित्येकदा नायक आणि नायिकेची पहिली भेट रंगपटात तोंडाला रंग लावतानाच होते. तालीम नावाला. तरी दहा-अकराला सुरू झालेलं नाटक पहाटे चार-पाचपर्यंत रंगतं. दुःखाचा प्रसंग आला की नट गाण्यात शिरतो, गाणं संपलं की लोक ‘वन्स मोअर’ घेतात, आणि मेलेलं पात्रही उठून पुन्हा गातं. कुणाला खटकत नाही. दोन अंकांच्या मधे लावणी, नाच. विनोदी नट स्थानिक सरपंचाला, समोर बसलेल्या पाटलाला, नुकत्याच झालेल्या निवडणुकीला संवादात ओढतो. हीच ती खडी गंमत. नावाने ती नाटक झाली आहे, पण तिची जीभ जुनीच आहे.

हा सगळा व्यवहार गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंज, म्हणजे वडश्यातून चालतो. तिथे नाट्यमंडळांच्या कचेऱ्या आहेत. हंगामापूर्वी गावोगावची मंडळं येतात, पत्रकं बघतात, नाटक ठरवतात, ठरावीक रकमेला कंत्राट करतात. तिकीट गावाचं मंडळ विकतं. शिल्लक उरली तर देवळाला, शाळेला, गावच्या कामाला जाते. पूर्वी गावातलेच हौशी लोक नाटक बसवायचे आणि स्त्री पात्रं व वाद्यवृंद तेवढा बाहेरून आणायचे. पुढे संपूर्ण नाटक पुरवणारी व्यावसायिक मंडळं उभी राहिली. पुण्या-मुंबईच्या रंगभूमीला प्रेक्षक कसा आणायचा याच्या चर्चासत्रांना आपण जातो. इथे प्रेक्षक थंडीत घोंगडी पांघरून पहाटेपर्यंत बसलेला असतो, तेही तिकीट काढून.

विषय सगळे रडारडीचे असतात असा एक शहरी समज आहे. तो अर्धवट आहे. राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ आणि अत्र्यांचं ‘लग्नाची बेडी’ झाडीत पिढ्यान्‌पिढ्या खेळलं गेलं. गडकरी 1919मध्ये वारले ते नागपूर जिल्ह्यातल्या सावनेरला, हेही इथे आठवतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नवरगावच्या सदानंद बोरकर यांनी ‘आत्महत्या’ हे नाटक शेतकऱ्याच्या मरणावर लिहिलं आणि ते शेतकऱ्यांपुढेच खेळलं. यवतमाळ जिल्ह्याचं नाव ज्या दुःखाने देशभर झालं, त्या दुःखावरचं नाटक आमच्या कापसाच्या मुलखात उभं राहायला हवं होतं. ते उभं राहिलं धानाच्या मुलखात, कारण तिथे रंगमंच तयार होता आणि प्रेक्षक समोर बसलेला होता. मला यात या सगळ्या विषयाचं मर्म दिसतं. परंपरेने झाडीला जुन्या गोष्टींपेक्षाही मोठं काही दिलं असेल तर ती बसण्याची जागा, हंगाम आणि सवय. त्या सवयीत नवा विषय आला तरी लोक उठून जात नाहीत.

परशुराम खुणे हे या रंगभूमीचे मोठे नट. गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेडा तालुक्यातले. त्यांना 2023मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा त्यांच्या नावावर सुमारे 800 भूमिका आणि 5000 प्रयोग सांगितले गेले. लोक त्यांना विदर्भाचे दादा कोंडके म्हणतात. शेती सांभाळून, हंगामात रात्र-रात्र उभं राहून हे आकडे झालेले आहेत. शहरातल्या किती मराठी नाट्यरसिकांनी त्यांचं नाव पद्म पुरस्काराआधी ऐकलं होतं, याचं उत्तर आपण सगळ्यांनी मनाशी द्यावं.

जपानमध्ये याची सख्खी भावंडं आहेत, आणि ती टोकियोच्या झगमगत्या काबुकी-झा नाट्यगृहात नाहीत. ती खेड्यात आहेत. फुकुशिमा प्रांतातलं डोंगरातलं हिनोएमाता, नागानोमधलं ओशिका, सेतो समुद्रातल्या शोदोशिमा बेटावरचं नाकायामा, अशा गावांमध्ये शेतकरी, दुकानदार, पोस्टमन वर्षातून एकदा-दोनदा काबुकी करतात. देवळाच्या आवारात लाकडी रंगमंच असतो, समोर गवतावर गाव डबे घेऊन बसतं. नाटक ग्रामदेवतेला वाहिलेलं असतं. शोदोशिमात समोर पायऱ्या-पायऱ्यांची भातशेती आहे आणि नाटक भातकापणीनंतर होतं. भात पिकवणाऱ्या दोन मुलखांनी, कापणीनंतरच्या रिकाम्या रात्रींचं काय करायचं, याचं एकच उत्तर काढलं.

आणखी जवळचं नातं ‘ताइशू एंगेकी’ या फिरत्या लोकनाट्याशी आहे. एकेक कुटुंबच मंडळ चालवतं, गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी किंवा लहान नाट्यगृहात महिनाभर मुक्काम, मग पुढचं गाव. आधी मेलोड्रामा, मग नाचगाण्याचा कार्यक्रम. आवडत्या नटाच्या किमोनोच्या गळ्याशी प्रेक्षक नोटा टाचतात. झाडीत बक्षिसाची रक्कम देणाऱ्याच्या नावासह माईकवरून पुकारली जाते आणि तमाशात दौलतजादा होते. तिघांतलं देणं एकाच जातीचं आहे. काबुकीला सरकारने आणि युनेस्कोने मान दिला. ताइशू एंगेकीला विद्वानांनी बराच काळ हलकं मानलं. पण चित्रपटवाले आणि टीव्हीवाले तिथून नट उचलत राहिले. झाडीतल्या रंगभूमीविषयी 2022मध्ये ‘झॉलीवूड’ नावाचा मराठी चित्रपट आला, तृशांत इंगळे यांचा. ही सुरुवात म्हणायला हरकत नाही.

झाडीत सगळं गोमटं आहे असं मी म्हणणार नाही. लावणीच्या नावाखाली दोन अंकांमध्ये जे नाच येतात त्यांपैकी काहींना नाटकाशी काही देणंघेणं नसतं, आणि नाचणाऱ्या मुलींच्या वाट्याला येणारी वागणूक ही त्या रंगभूमीची दुखरी बाजू आहे. कलावंताला हंगामाबाहेर काम नाही, विमा नाही, म्हातारपणाची सोय नाही. नाटकांच्या वह्या मंडळांच्या पेट्यांमध्ये जीर्ण होतात. छापलेलं फार थोडं आहे. 2014च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, तेव्हा शंकरपट थांबले आणि पटाच्या गर्दीवर जगणाऱ्या नाटकांनाही फटका बसला. 2021च्या डिसेंबरमध्ये महाराष्ट्रात शर्यतींना अटींसह परवानगी मिळाली आणि 2023मध्ये घटनापीठाने ती कायम ठेवली. मधेच करोनाचा एक हंगाम पूर्ण कोरडा गेला. एवढं होऊनही कनाती पुन्हा उभ्या राहिल्या. बैलांना त्रास होऊ नये हे मलाही मान्य आहे. पण पट आणि नाटक एकाच दोरीत बांधलेले असताना दोरी कापण्याआधी तिला आणखी काय काय बांधलेलं आहे हे कुणी तरी बघायला हवं होतं.

जपानकडून घेण्यासारखी गोष्ट ॲनिमेचं तंत्र नव्हे. ते तंत्र आपली मुलं यूट्यूबवर शिकतील. घेण्यासारखी गोष्ट आहे तिथल्या लोकांनी आपल्या परंपरेला कामाला लावण्याची रीत. देवळातला नाच चित्रपटात घालताना त्यांना संकोच वाटला नाही, आणि मांगातली समुद्री चाच्यांची गोष्ट काबुकीत आणतानाही वाटला नाही. आपण मात्र परंपरेला दोनच जागा देतो: एक तर पुरस्काराच्या व्यासपीठावर शाल-श्रीफळाची, नाहीतर शाळेच्या स्नेहसंमेलनात पाच मिनिटांची. कळंबच्या परिसरातल्या पोडांवरची दंडार अशा पाच मिनिटांत बसत नाही. तिला रात्र लागते. गणेशोत्सवात आणि नवरात्रात आमच्याकडे लाखोंचे देखावे उभे राहतात, महाल होतात. त्याच पैशात एक दंडार, एक खडी गंमत, झाडीतलं एक नाटक मंडपात उभं राहू शकतं. चिंतामणीच्या उत्सवात तर ते शोभून दिसेल, कारण आपल्या तमाशाची सुरुवात गणानेच होत आलेली आहे.

विद्यापीठांकडे आणि सांस्कृतिक कार्य संचालनालयाकडे मागणं एवढंच आहे की झाडीतल्या आणि यवतमाळच्या आदिवासी भागातल्या रात्री पूर्ण ध्वनिचित्रमुद्रित कराव्यात, तुकडे कापून नव्हे. नाटकांच्या वह्या गोळा कराव्यात, त्यांच्या प्रती काढाव्यात. झाडीबोलीचे अभ्यासक हरिश्चंद्र बोरकर यांनी त्या मुलखाच्या भाषेसाठी आयुष्य वेचलं. रंगभूमीसाठी तसंच काम करणारी पाच-दहा तरुण मुलं पुढे यायला हवीत. ज्यांना मांगा काढायचं वेड आहे अशा आमच्याकडच्या मुलांनी एकदा घुसाडीचा मोरपिसांचा टोप आणि नाच्याचा पवित्रा कागदावर उतरवून बघावा. त्यांच्या आवडत्या जपानी चित्रकारांनी तिकडे तेच केलेलं आहे.

आणि वाचकांनो, तुमच्याकडून एक अपेक्षा आहे. यंदा भाऊबीज झाली की एखादी रात्र मोकळी काढा. कळंबहून नागपूर, तिथून उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रम्हपुरी करत वडसा गाठता येतं. रेल्वेने यायचं तर गोंदिया-बल्लारशाह मार्गावर वडसा स्टेशन आहे. वडश्यात कुठल्याही नाट्यमंडळाच्या कचेरीत त्या आठवड्यात कुठल्या गावी कोणतं नाटक आहे ते सांगतात. घोंगडी सोबत घ्या, पासासाठी ओळख काढू नका, तिकीट काढून बसा.